खत कुजतं, त्यातलं तांबं कुजत नाही

पावसाळ्याआधी कोंबडखताची ट्रॉली बांधावर उलटली की आपण मूठभर खत हातात घेऊन बघतो. ओलं आहे की वाळलेलं, तुसाचं आहे की पिंजऱ्याखालचं, अजून वाफ निघतेय की निवलंय. भाव टनावर की ट्रॉलीवर, हेही बोलून घेतो. ज्या कोंबड्यांचं हे खत, त्यांनी काय खाल्लं होतं, एवढं मात्र कोणी विचारत नाही. खतातून शेतात साठत जाणाऱ्या तांब्याची गोष्ट त्या खाद्यापासूनच सुरू होते.

मी सेंद्रिय खताच्या बाजूचा माणूस आहे. आपल्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब इतका खाली आला आहे की शेणखत, कोंबडखत, ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट, गोबरगॅसची स्लरी, यांतलं काहीही वाया घालवणं मला पटत नाही. म्हणूनच या खतांबरोबर शेतात आणखी काय येतं, ते शेतकऱ्याला नीट कळावं असं मनापासून वाटतं. शिशाबद्दल, कॅडमियमबद्दल थोडीफार चर्चा होते. तांब्याबद्दल होत नाही, कारण तांब्याची आपल्याला भीतीच वाटत नाही. देवघरातलं पळी-पंचपात्र तांब्याचं, रात्रभर भरून ठेवलेलं पिण्याचं पाणी तांब्याच्या भांड्यातलं.

आणि तांबं लागतंच, हे खरं आहे. पिकाच्या वाळलेल्या पानात किलोमागे साधारण 5 ते 20 मिलिग्रॅम तांबं असतं. (एका किलोत एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम, पुढे सगळीकडे हेच माप वापरतो.) प्रकाशसंश्लेषणाला ते लागतं, खोडाला ताठपणा देणारं लिग्निन तयार व्हायला लागतं. माणसालाही थोडं लागतं. पण जास्त झालं तर काय होतं, हे आपल्या स्वयंपाकघरांनी एकदा बघितलं आहे. लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार भारतात होता, वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ म्हणतात. 1980 च्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला, तेव्हा बोट गेलं ते कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या दुधाकडे. घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या आज्या कल्हईवाल्याची वाट उगाच बघत नव्हत्या.

आता खाद्याकडे येऊ. 1940 आणि 50 च्या दशकांत ब्रिटनमधल्या संशोधकांना आढळलं की डुकरांच्या खाद्यात 250 पीपीएमपर्यंत तांबं मिसळलं, तर ती भराभर वाढतात. हे तांबं बहुतेक वेळा मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) रूपात घातलं जाई. डुकराची पोषणाची गरज असते 5 ते 10 पीपीएम. वरचं सगळं तांबं आतड्यातल्या जंतूंवर वचक ठेवायला, म्हणजे जवळपास प्रतिजैविकासारखंच वापरलं गेलं. ही रीत अनेक देशांत पसरली. कोंबड्यांना 8 पीपीएमच्या आसपास तांबं पुरतं, पण वाढीसाठी त्यांच्याही खाद्यात 125 ते 250 पीपीएम घालण्याची पद्धत आली.

या तांब्यातलं अंगी फार थोडं लागतं. 80 ते 95 टक्के विष्ठेतून बाहेर पडतं. इथे एक साधा हिशेब करून बघण्यासारखा आहे. डुकरानं एक किलो कोरडं खाद्य खाल्लं तर त्याची कोरडी विष्ठा दीडशे ते दोनशे ग्रॅम होते, बाकीचं पचून जातं. खाद्यातलं तांबं मात्र जवळपास सगळंच त्या दीड-दोनशे ग्रॅमात येऊन बसतं. खाद्यात 150 पीपीएम असेल तर विष्ठेत पावणेसातशे ते नऊशे पीपीएम होतं. पुढे तिचा ढीग रचून कंपोस्ट केलं की जवळपास निम्मा माल कर्बवायू होऊन हवेत जातो, तांबं तिथेच राहतं. ढिगाचं कोरडं वजन निम्मं झालं, की त्यातल्या तांब्याचं प्रमाण दुप्पट.

हा मुद्दा मी पुन्हा सांगतो, कारण ‘चांगलं कुजवलं की खत निर्धोक होतं’ असा समज पक्का आहे. कुजवल्यानं दुर्गंधी जाते, तणाचं बी मरतं, रोगजंतू मरतात. धातू कुठेही जात नाही. गांडुळं सोडली तरी नाही, आणि बायोगॅसच्या टाकीत घातलं तरी नाही. शेणातला कर्ब मिथेन होऊन शेगडीत जळतो, तांबं स्लरीबरोबर शेतात येतं.

युरोपीय संघानं 2018 साली डुकरांच्या खाद्यातलं तांबं आणखी खाली आणलं. दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांपर्यंत 150 पीपीएम, पुढचे चार आठवडे 100 आणि त्यानंतर 25. आपल्याकडे डुकरं थोडी आणि कोंबड्या फार, म्हणून आपल्यासाठी हा प्रश्न मुख्यतः कोंबडखताचा आहे. गवत, कडबा आणि थोडी पेंड खाणाऱ्या गाई-म्हशीच्या शेणात तांबं साधारण 20 ते 50 पीपीएमच असतं. मोठ्या बंदिस्त गोठ्यांची गोष्ट मात्र वेगळी. खुरांचे आजार टाळायला गाईंना 5 टक्के मोरचुदाच्या पाण्यातून चालवतात. अमेरिकेतल्या मोठ्या डेअऱ्यांत हे पाणी वापरून झालं की शेणाच्या स्लरीतच सोडलं जाई, आणि त्या स्लरीच्या शेतांत तांबं चढत गेलेलं दिसलं. 200 लिटरच्या एका टाकीत 10 किलो मोरचूद, त्यात अडीच किलो शुद्ध तांबं. आपल्याकडे नव्यानं मुक्त गोठे बांधणाऱ्यांनी हे पाणी कुठे सोडायचं, ते आधीच ठरवून ठेवावं.

एकराचा जमाखर्च

एका एकरातल्या वरच्या 15 सेंटीमीटर मातीचं वजन सुमारे 9 लाख किलो भरतं. त्यात एक किलो तांबं मिसळलं तर मातीतलं प्रमाण साधारण 1.1 पीपीएमनं वाढतं. एवढं एक गणित लक्षात ठेवलं की पुढचं सगळं घरबसल्या करता येतं.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी तांब्याची कमाल मर्यादा 300 पीपीएम आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्येही हाच आकडा होता, आणि मर्यादा ओलांडलेलं कंपोस्ट अन्नपिकांना वापरू नये असं तिथे म्हटलं होतं. समजा, मर्यादेच्या अगदी काठावरचं कंपोस्ट आपण एकरी 5 टन, कोरड्या वजनानं, दरवर्षी घातलं. दरवर्षी दीड किलो तांबं आत आलं. आता बाहेर किती जातं? एकरात 16 क्विंटल गहू पिकला आणि दाण्यात 5 पीपीएम तांबं धरलं, तर पोत्यांबरोबर गेलं 8 ग्रॅम. काड उचलून नेलं तरी सगळं मिळून 15 ग्रॅमच्या पुढे क्वचितच जाईल. दीड हजार ग्रॅम जमा, पंधरा ग्रॅम खर्च. वीस वर्षांत मातीत 33 पीपीएमची भर पडली, आणि ती पाण्याबरोबर झिरपून किंवा वाफ होऊन जाणारी नाही.

हेच 5 टन गवतावरच्या जनावरांचं शेणखत असतं, किलोला 30 मिलिग्रॅम तांबं असलेलं, तर वर्षाला 150 ग्रॅम आले असते आणि त्याच 33 पीपीएमला दोनशे वर्षं लागली असती. दोन्ही खतं सेंद्रिय आहेत, दोन्ही काळी, भुसभुशीत, हातात घेतल्यावर सारखीच दिसणारी.

माती कोणती, यावर बरंच काही

मातीत पडलेलं तांबं ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला, घट्ट चिकटतं. म्हणून ते सहसा खाली झिरपत नाही, नांगराच्या थरातच राहतं. विहिरीच्या पाण्याला त्याचा धोका त्यामुळे कमी. पण वरची माती पावसात वाहून ओढ्यात गेली की तिच्याबरोबर तांबंही जातं, आणि पाण्यातल्या शेवाळाला, माशांना ते फार थोड्या प्रमाणातही बाधतं.

मुळांना त्रास देतं ते मातीच्या पाण्यात मोकळं विरघळलेलं तांबं. ते किती असेल हे मातीच्या सामूवर (पीएचवर) ठरतं. सामू जितका खाली, तितकं तांबं मोकळं. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनी बेसॉल्टपासून झाल्या आहेत आणि बेसॉल्टमध्ये मुळातच तांबं भरपूर असतं, त्यामुळे या जमिनींत अनेक ठिकाणी निसर्गतःच 100 पीपीएमच्या आसपास एकूण तांबं सापडतं. तरी ज्वारी, हरभरा तिथे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आले. सामू 7.5 ते 8.5, चुनखडी, भरपूर चिकणमाती, या सगळ्यांनी तांबं बांधून ठेवलेलं असतं. युरोपच्या नियमांत सांडपाण्याचा गाळ वापरायच्या जमिनीसाठी 50 ते 140 पीपीएमची मर्यादा आहे. ती जशीच्या तशी आपल्या काळ्या मातीला लावली तर उगाच घबराट होईल.

कोकण-गोव्यातली जांभ्याची जमीन याच्या अगदी उलट. सामू 5 ते 6, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, तांबं धरून ठेवायची ताकद कमी. त्यात सुपारीच्या बागांवर कोळेरोगासाठी दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, मारलं जातं. काळ्या मातीत जे तांबं गुपचूप पडून राहील, तेच इथे मुळांपर्यंत पोचेल. अशा बागेत वरून तांबंयुक्त कोंबडखत घालताना दुप्पट विचार करावा, असं माझं मत आहे.

एक प्रश्न अजून मोकळा आहे आणि त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. खताबरोबर आलेलं तांबं त्याच खतातल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून असतं. खत घालणं थांबलं आणि तो पदार्थ हळूहळू कुजून गेला, तर तांबं मोकळं होईल का? काहींचं म्हणणं आहे की होईल. काहींच्या मते माती, चुनखडी आणि लोहाचे कण ते पुन्हा धरून ठेवतील. मला वाटतं उत्तर मातीगणिक वेगळं येईल, आणि आम्लधर्मी हलक्या जमिनीत पहिल्या मताला जास्त वजन आहे.

पहिला मार कोणाला बसतो

भाजी खाणाऱ्याला नाही. हे आधीच सांगतो, कारण ‘अन्नात विष’ अशा मथळ्यांनी शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि प्रश्न कळत नाही. तांबं बहुतेक पिकं मुळातच अडवून ठेवतात. दाण्यात, फळात ते फारसं चढत नाही. माणसाला बाधेल इतकं होण्याच्या आधी पीकच मान टाकतं. म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं, आणि तेही ओळखू न येणारं. पांढरी मुळी जाड, आखूड आणि तपकिरी होते, तिला फुटवे कमी येतात. शेंड्याची पानं लोहाच्या कमतरतेसारखी पिवळी पडतात. मग फेरस सल्फेटच्या फवारण्या होतात, पानं चार दिवस हिरवी दिसतात, आणि कारण जमिनीत तसंच राहतं.

जिवाणूंचं काय होतं हे समजायला प्रयोगशाळा नको. टाकीत शेवाळ झालं की आपण मोरचूद टाकतो. मातीतले सूक्ष्मजीवही याला अपवाद नाहीत. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे 1942 साली एक प्रयोग सुरू झाला. शहरी सांडपाण्याचा गाळ भाजीपाल्याच्या शेतात 1961 पर्यंत घातला गेला, मग थांबवला. वीस-पंचवीस वर्षांनी तिथे क्लोव्हर लावलं, म्हणजे आपल्या बरसीमच्या, मेथीघासाच्या कुळातलं पीक. गाळाच्या जमिनीत त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधेनाशा झाल्या होत्या. तिथे टिकून राहिलेले रायझोबियम, म्हणजे गाठींत नत्र बांधणारे जिवाणू, निकामी जातीचे निघाले. त्या गाळात जस्त, कॅडमियम, तांबं असे अनेक धातू एकत्र होते, त्यामुळे सगळा दोष तांब्यावर टाकता येणार नाही. पण गाळ थांबवल्यावर पाव शतकानंतरही धातू बहुतांश जागच्या जागी होते, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण सोयाबीन, हरभऱ्याला जिवाणूसंवर्धकाची पाकिटं लावतो, तेव्हा ती कोणत्या मातीत उतरणार हेही बघायला हवं.

गांडुळंही तांब्याला हळवी असतात. आधी त्यांची पिलावळ कमी होते, मग ती जागा सोडतात. वर्षानुवर्षं तांब्याच्या फवारण्या झालेल्या युरोपातल्या फळबागांत झाडाखाली न कुजलेल्या पानांचा जाड थर साठलेला आढळला. तो मातीत ओढून नेणारं कोणी उरलंच नव्हतं.

आणि मेंढ्या. पाळीव जनावरांत तांब्याला सगळ्यात नाजूक मेंढी. तिच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठतं, वरून काही दिसत नाही, आणि मग एक दिवस रक्तपेशी फुटून कावीळ होते, लघवी लाल होते, मेंढी दगावते. डुकरांच्या स्लरीच्या कुरणांवर आणि फवारणी केलेल्या बागांतल्या गवतावर मेंढ्या अशा मेल्याची उदाहरणं परदेशांत नोंदलेली आहेत. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवण्याची जुनी चांगली रीत आहे. धनगरबांधवांना बागेत बोलावताना शेवटचं बोर्डो कधी मारलं हे त्यांना सांगायला हवं, आणि ताज्या फवारणीखालचं गवत मेंढ्यांना देऊ नये. गाईंसाठीचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना घालू नये, कारण त्यात तांबं जास्त असतं.

एक दुष्परिणाम डोळ्यांना दिसत नाही. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या आतड्यातल्या एन्टरोकॉकस जंतूंत तांबं सहन करायची ताकद देणारा जनुक सापडला, 2002 च्या सुमाराला, आणि त्याच्या जोडीला प्रतिजैविकांना दाद न देणारे जनुकही होते. म्हणजे खाद्यातलं तांबं नुसतं तांब्यालाच निर्ढावलेले जंतू निवडत नाही, औषधांना न जुमानणारेही त्यांच्याबरोबर निवडले जातात. असं खत शेतात येताना ते जंतूही घेऊन येतं.

शहराच्या कंपोस्टबद्दल थोडक्यात. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेनं देशातल्या 29 शहरांचं कंपोस्ट तपासलं होतं. मिसळलेल्या कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टमध्ये जड धातू बरेच जास्त होते, ओला-सुका वेगळा करून केलेल्यात कमी. तारांचे तुकडे, मोडके चार्जर, पितळी खिळे, रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात पडले की त्यांचा बारीक कीस आणि आंबट पाण्यात विरघळलेला धातू खतात उतरतो. नंतर कितीही चाळलं तरी तो निघत नाही. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या कचऱ्याच्या दोन बादल्या आणि बारामतीच्या शेतातली पांढरी मुळी यांचा संबंध इतका थेट आहे.

मृदा आरोग्य पत्रिका काय सांगत नाही

2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 बाबी असतात, त्यांत तांबंही असतं. अनेकांना त्यापुढे ‘पुरेसे’ लिहिलेलं दिसतं आणि बरं वाटतं. ही तपासणी डीटीपीए नावाच्या द्रावणानं केली जाते आणि तिची सीमारेषा 0.2 पीपीएमची आहे. त्याखाली कमतरता, त्यावर पुरेसे. 0.5 आलं तरी ‘पुरेसे’ आणि 25 आलं तरी ‘पुरेसे’. ही पत्रिका कमतरता शोधायला बनवली आहे, जास्तीची वर्दी द्यायला नाही. म्हणून पुढचा शब्द वाचू नका, आकडा वाचा, आणि दर दोन-तीन वर्षांच्या पत्रिका शेजारी ठेवून तो चढतोय का ते बघा. आकडा चढत असेल तर प्रयोगशाळेला ‘एकूण तांबं’ तपासायला सांगा. ती चाचणी आम्लात माती विरघळवून होते, वेगळी मागावी लागते.

खताचा नमुनाही याच रीतीनं तपासता येतो. ढिगाच्या आठ-दहा ठिकाणांहून, वरून नको, हातभर आतून, प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या, मिसळा, अर्धा-एक किलो पिशवीत भरा. ट्रॉलीनं येणाऱ्या कोंबडखताला पिशवी नसते आणि तिच्यावर छापलेला आकडाही नसतो, तेव्हा हे आपल्यालाच करावं लागतं.

साठलेलं तांबं काढून टाकायचा सोपा उपाय नाही. तांबं ओढणारी पिकं लावून ते उपसता येईल असं कोणी सांगितलं, तर वरचा गव्हाचा हिशेब त्याला दाखवा. आम्ल जमिनीत चुना टाकून सामू 6.5 पर्यंत आणला तर तांबं बरंच बांधलं जातं. खोल नांगरटीनं ते जास्त मातीत विरळ होतं. स्वच्छ शेणखत आणि हिरवळीच्या खतानं सेंद्रिय पदार्थ टिकवला तर तोही ते धरून ठेवतो. जमेची बाजू कमी करणं मात्र आपल्या हातात आहे.

द्राक्षवाल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं, कारण त्यांच्या वहीत तांबं दोन वाटांनी येतं. एक टक्का बोर्डोच्या 100 लिटरमध्ये एक किलो मोरचूद, म्हणजे पाव किलो तांबं. एकराला 400 लिटर बसलं तर एका फवारणीत एक किलो. केवडा या बुरशीरोगाच्या दिवसांत पावसाळाभर अशा चार फवारण्या झाल्या तर चार किलो. बोर्डो मिश्रण जिथे जन्मलं त्या फ्रान्ससह सगळ्या युरोपीय संघात आता हेक्टरी 7 वर्षांत 28 किलोची मर्यादा आहे, म्हणजे एकरी वर्षाला सरासरी 1.6 किलो. फ्रेंच शास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे ठेवलं. तेव्हापासूनच्या फवारण्यांचं तांबं तिथल्या द्राक्षमळ्यांत अजून आहे: युरोपातल्या मातीच्या मोठ्या पाहणीत द्राक्षमळ्यांची सरासरी 49 पीपीएम निघाली, सगळ्या जमिनींची मिळून 17.

म्हणून फवारणीच्या वहीत दोन रकाने वाढवा. बोर्डोतून आलेलं तांबं एका रकान्यात, खतातून आलेलं दुसऱ्यात, दोन्ही किलोत. दुसरा रकाना भरायला खतवाल्याला फोन करून पोल्ट्री कोणती ते विचारा, आणि पोल्ट्रीवाल्याला, खाद्यात तांबं किती पीपीएम घालता ते. खाद्य पुरवणाऱ्याकडे तो आकडा असतो.